ओव्हाळांचं कार्ड

पिंपरीच्या ज्या कारखान्यात जयसिंग ओव्हाळनं नोकरीची सगळी वर्षं लेथवर काढली, तिथल्या जुन्या मशीन माणसांसारख्या आजारी पडायच्या. आधी कुरकुरायच्या, मग तापायच्या, आणि जाणत्या माणसानं जवळ बसून पाना फिरवला, तेल पाजलं, एखादी शिवी हासडली की पुन्हा कामाला लागायच्या. पुढं नव्या मशीन आल्या. त्या आजारी पडत नसत, नुसत्या थांबत. थांबल्या की कुठंतरी फोन जायचा. कडक इस्त्रीच्या शर्टातला एक जण बॅग घेऊन यायचा, मशीनच्या पाठीमागचं दार उघडून आतून एक हिरवी पाटी उपसायचा, तशीच दुसरी सरकवायचा आणि हात पुसत सांगायचा, "कार्ड गेलं होतं." कार्ड कशानं गेलं, हे विचारायची रीत नव्हती. बावीस प्रतिज्ञांच्या घरात वाढलेल्या जयसिंगनं आयुष्यात कुठल्या देवापुढं हात जोडले नव्हते. पण कार्ड गेलं की तोही बाकीच्यांसारखा हात बांधून उभा राहायचा.

निवृत्त झाला तेव्हा कंपनीनं शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि कॅन्टीनमध्ये गुलाबजाम दिले. कार्डाचं कोडं मात्र त्याच्याबरोबर चिखलीच्या घरी आलं.

पहिले काही महिने त्यानं माळ्यावरचं सामान खाली काढलं आणि खालचं माळ्यावर ठेवलं. त्याची बायको कस्तुरा विहाराच्या महिला मंडळाचं काम बघायची. तिला घरात दिवसभर एक सुपरवायझर परवडणारा नव्हता. तिनंच मुलीला, आम्रपालीला सांगितलं, की तुझ्या पप्पांना काहीतरी लावून दे. आम्रपाली तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला. तिनं आपला जुना लॅपटॉप आणला आणि त्याच्याबरोबर काड्यापेटीएवढी एक पाटी. म्हणाली, हा मायक्रोकंट्रोलर. छोटा मेंदू समजा. याला सांगाल तसं हा वागतो.

"कुणाचं ऐकतो हा?" जयसिंगनं विचारलं.

"ज्यानं शेवटचं सांगितलं त्याचं."

"म्हणजे सुपरवायझरच आहे की," जयसिंग म्हणाला आणि लॅपटॉप स्वतःकडं ओढून घेतला.

व्हिडिओ बघून बघून तो प्रोग्राम लिहायला शिकला. इंग्रजी बेताचंच होतं, पण कारखान्यातल्या ड्रॉइंगवरचं इंग्रजी तरी कुठं जास्त असतं? अडलं की आम्रपालीला फोन करायचा, आणि ती मीटिंगमध्ये असली तरी तोंडावर हात ठेवून सांगायची. पण त्या काड्यापेटीला चहूबाजूंनी वायरी खोचून चालवायचं, हे त्याला पटेना. हात लागला की एखादी वायर सुटायची. हे काही कार्ड नव्हे. कार्ड म्हणजे पाटीवर तांब्याच्या रेघा पाहिजेत, वायर दिसता कामा नये. आम्रपालीनं सांगितलं की डिझाइन करून पाठवलं तर कंपन्या हवं तसं बोर्ड बनवून घरपोच देतात. जयसिंगनं नकार दिला. घरपोच आलेलं कार्ड सरकवणारा माणूस त्यानं पुष्कळ पाहिला होता.

मग तो बसनं बुधवार पेठेत गेला आणि तांबं चढवलेल्या कोऱ्या पाट्या, बारीक ड्रिल आणि तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईडची बाटली घेऊन आला. कृती अशी होती: लॅपटॉपवर रेघा आखायच्या, चकचकीत कागदावर छापायच्या, कागद तांब्यावर पालथा ठेवून कडक इस्त्री फिरवायची. छपाईची काळी शाई तांब्यावर उतरते. मग पाटी त्या पाण्यात बुडवायची. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. चकचकीत कागद विकत आणायची गरज नव्हती. मोशीच्या नव्या टॉवरांची माहितीपत्रकं रोज फाटकात खोचलेली असायची आणि त्यांची मागची बाजू कोरी असायची. पुढच्या बाजूला पोहण्याचा तलाव आणि 'चोवीस तास पाणी' छापलेलं असे. कागद उत्तम होता.

रेघा आखण्यात तो असा काही रमला, की जेवायला हाका माराव्या लागायच्या. एक रेघ दुसरीला छेदून जाता कामा नये, हा तिथला कायदा. वाट अडली तर वळसा घ्या, जागा कमी पडली तर सगळं पुसून पुन्हा मांडा, पण कुणी कुणाच्या आडवं जायचं नाही. ज्या गुंठेवारीत तो राहत होता तिथं असला विचार कुणी केला नव्हता. तिथं आधी घरं झाली होती आणि मग उरलेल्या जागेला लोक रस्ता म्हणायला लागले होते. लॅपटॉपवर जयसिंग रोज एक नीटनेटकं गाव वसवायचा.

पहिलं कार्ड उलटं निघालं. व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं होतं, छापताना आरसा करून छापा. पण जयसिंगच्या लॅपटॉपमधलं चित्र आधीच वरून बघितल्यासारखं होतं. इस्त्रीनं ते एकदा उलटणारच होतं आणि तेवढंच पुरे होतं. वर यानं आरसा केला. तयार कार्ड हातात घेतलं तर चिपचा डावा पाय उजव्या भोकासमोर. संध्याकाळी त्यानं चिपचे सगळे पाय एकेक करून उलटे वाकवले आणि चिप पालथी घालून कथिलाचा डाग दिला. कार्ड चाललं. खोलीचं तापमान आकड्यात दाखवायला लागलं.

कस्तुरानं पदरानं घाम पुसत ते आकडे बघितले आणि विचारलं, उकाडा आहे हे समजायला आपल्याला कार्ड लागत होतं का.

तिचा राग कार्डावर नव्हता, इस्त्रीवर होता. बुद्धपौर्णिमेला नेसायच्या पांढऱ्या साडीवर तिनं इस्त्री फिरवली आणि काठाशेजारी बारीक काळ्या रेघांचं एक चौकोनी चित्र उमटलं. त्यात भर म्हणजे बाथरूमच्या नव्या फरशीवर फेरिक क्लोराईड सांडून तांबूस डाग पडला होता, तो कशानंच निघत नव्हता. तिनं साडी तशीच नेसली. विहारात कुणी विचारलं की शांतपणे सांगायची, आमच्या ह्यांनी डिझाइन केलंय. लोकांना वाटलं, ओव्हाळ साड्यांच्या धंद्यात पडले.

इथपर्यंत सगळा मामला घरातला होता. गल्लीत गेला तो पाण्यामुळं.

गल्ली चढावर होती. तोंडाशी कुशाबाईचं जुनं घर. सगळी गल्ली ज्या शेतावर वसली ते तिच्या सासऱ्याचं. मधोमध दौलतरावांचा तीन मजली बंगला, जमिनी विकून बांधलेला. त्याला लागून ओव्हाळ. आणि पार वरच्या टोकाला ज्योतीराम आणि अनिता, लातूरकडचं जोडपं. तो चाकणच्या कंपनीत शिफ्टवर, ती घरी शिवणकाम करायची. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी दिवस मावळताना, आणि तासा-दीड तासात जायचं. ज्याला कळलं तो मोटर लावून घ्यायचा. नळाला थेट मोटर लावणं गुन्हा आहे, असं पालिकेची रिक्षा भोंग्यावरून सांगत फिरायची. रिक्षा गल्लीतून जाईपर्यंत लोक मोटरी बंद ठेवायचे. कायद्याचा एवढा मान गल्लीत होता.

कस्तुरा दर पाण्याच्या दिवशी नळाची वाट बघत बसायची. बाहेर कुठं जाता येत नसे. जयसिंगनं ठरवलं, की पाणी आल्याची वर्दी देणारं कार्ड करायचं. काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. नळात स्टीलच्या दोन सुया बसवल्या की पाणी आल्यावर त्यांच्यातून वीज वाहते, हे खरं. पण पाण्याआधी नळ हवा सोडतो, दोन थेंब थुंकतो आणि गप्प बसतो. पहिल्या कार्डानं त्या थुंकीला पाणी मानलं आणि घरभर तीनतीनदा धावपळ करवली. मग जयसिंगनं प्रोग्राम बदलला: थेंब आला तरी थांब, धार टिकली तरच घंटा वाजव. नवं कार्ड आखलं, इस्त्री केली, भोकं पाडली. या वेळी चिप सुलटी बसली. पाणी आलं, घंटा वाजली, कस्तुरानं मोटर लावली आणि हौद भरून वाहिला. तिनं त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा चहा दिला, न मागता.

काही दिवस हे गुपित राहिलं. पण गुंठेवारीत भिंती अशा लागून असतात, की एका घरातल्या घंटेला शेजारच्या घरातलं माणूस उठून बसतं. ज्योतीराम सगळ्यात आधी आला. म्हणाला, काका, मी शिफ्टला असतो, ही मशीनवर असते, पाणी येऊन गेलेलं कळतच नाही, आम्ही महिन्यात अर्धे दिवस टँकरवर काढतो. जयसिंगनं त्याला कार्ड करून दिलं. मग दौलतराव आले. आजवर त्यांनी ओव्हाळांच्या घरी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, तसं काही भांडण नसताना. आता आत येऊन खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि ओव्हाळसाहेब म्हणाले. जयसिंगला त्या 'साहेब'चं बरं वाटलं नाही असं नाही. बघता बघता घरोघरी त्याची कार्डं लागली. पैसे त्यानं घेतले नाहीत. लोकांनी खोबऱ्याच्या वड्या, गावाकडचा तांदूळ, घरची मेथी आणून दिली. गल्लीतली प्रत्येक घंटा त्याच्या हातच्या रेघांवरून वाजणार होती. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर धातू कापला, त्याला आणखी काय पाहिजे?

मग पाण्याचा दिवस आला. सगळ्या घंटा एकदम वाजल्या. सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या. आणि सगळ्या मोटरी मिळून जेमतेम घोटभर पाणी ओढत, हवा गिळत, घरघरत राहिल्या. आधी ज्यांना कळायचं त्यांना तरी पाणी मिळायचं. आता कळलं सगळ्यांना, मिळालं कुणालाच नाही. ज्योतीरामच्या घरी तर नळातून उलटी हवा आत ओढली जात होती.

संध्याकाळी दौलतरावांच्या ओट्यावर बैठक बसली. कार्ड येण्याआधी गल्ली सुखी होती, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कार्ड काढून टाकावं, असं मात्र कुणी म्हणालं नाही. शेजाऱ्यानं काढावं, एवढंच प्रत्येकाचं म्हणणं होतं. जयसिंग कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याला ते सगळं एका खराब डिझाइनसारखं दिसत होतं: सगळ्या रेघा एकाच जागी येऊन भिडलेल्या. तो म्हणाला, की पाळी लावता येईल. पाणी आल्यापासून मिनिटं मोजून कार्डच मोटर चालू करील आणि बंदही करील. आज ज्याची पहिली, त्याची पुढच्या पाण्याला शेवटची, असं फिरत राहील. माणसानं हात लावायचा नाही.

सगळ्यांना पटलं. माणसापेक्षा यंत्र निःपक्षपाती, असं दौलतराव दोनदा म्हणाले. मग सगळे घरी गेले आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक जण स्वतंत्रपणे जयसिंगकडं यायला लागला. कुणाकडं म्हातारं माणूस आजारी होतं, कुणाकडं पाहुणे येणार होते, कुणाचं घर चढावर आणि कुणाचं उतारावर. फिरती पाळी आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण सुरुवात आपल्यापासून झाली तर बरं, एवढंच. दौलतरावांनी पेढे आणले आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

जयसिंग गडबडून गेला. रात्रीच्या जेवणात तो कस्तुराला म्हणाला, की कटकट नको, आपण आपला नंबर शेवटी टाकू, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

कस्तुरानं भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "माझी आई विहिरीवर शेवटी उभी राहायची," ती म्हणाली. "वरून कुणीतरी ओतायचं तेव्हा तिची घागर भरायची. आता पाण्याची पाळी लावायचं काम माझ्या घरात आलंय, आणि तुम्ही मला परत शेवटी उभं करताय?"

जयसिंगनं विचारलं, मग पहिला टाकू का?

"पहिलाही नको. घरांच्या रांगेत जिथं आपलं घर येतं, तिथं टाका."

त्यानं तसंच केलं. खालपासून वर, घर येईल तसा नंबर. मोटर चालू-बंद करणारा खटका बसवलेलं नवं कार्ड आखायला त्याला बराच काळ लागला, पण त्याच्या मते ते त्याचं सगळ्यात देखणं कार्ड होतं. एकही रेघ वाकडी नव्हती, एकही वायर वरून टाकावी लागली नव्हती. त्यानं ते आम्रपालीला दाखवलं. तिनं ते हातात घेऊन बराच वेळ निरखलं, फोटो काढला आणि आपल्या टीमला पाठवला. मग म्हणाली, "पप्पा, कार्ड मस्त झालंय. लोकांचं काय?"

जयसिंगला प्रश्न कळला नाही. लोकांनी तर हो म्हटलं होतं.

पहिल्या पाण्याला पाळी चालली. दुसऱ्यालाही. तिसऱ्या वेळी मोटरींची घरघर पुन्हा एकदम सुरू झाली. जयसिंगला वाटलं, प्रोग्राम चुकला. तो दोन दिवस लॅपटॉपला डोळे लावून बसला, चूक सापडेना. मग त्यानं दौलतरावांच्या घरी जाऊन कार्डाची पेटी उघडली. आत त्याचं कार्ड जागच्या जागी होतं, काम इमानदारीनं करत होतं, पाळी आली की खटका टकटक उघडत-मिटत होता. फक्त त्या खटक्याच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडं कुणीतरी एक लाल वायर टाकली होती. मोटर डायरेक्ट केली होती. कार्ड सांगायचं थांब, आणि मोटर ऐकायचीच नाही.

दौलतराव ओशाळले नाहीत. म्हणाले, बाकीच्यांनी केलं म्हणून मला करावं लागलं. जयसिंग पुढच्या घरी गेला. तिथंही लाल वायर. तिथंही तेच उत्तर. ती वायर पहिल्यांदा कुणी टाकली, हे शेवटपर्यंत उजेडात आलं नाही, कारण प्रत्येकानं दुसऱ्यानंतर टाकली होती. सगळ्यात उठून दिसणारी गोष्ट ही, की वायर सगळीकडं एकाच गुंडाळीतली होती. इलेक्ट्रिशियन एकच असणार. मोटर असून वायर नव्हती ती दोनच घरांत: त्याच्या स्वतःच्या आणि ज्योतीरामच्या. ज्योतीरामच्या घरी ती टाकून काही उपयोगच नव्हता, कारण तिथं पाणी पोचतच नव्हतं.

या सगळ्यात कुशाबाई वेगळी होती. तिच्या घरी मोटर नव्हती. गल्लीच्या तोंडाशी, उतारावर घर. पाणी आपसूक यायचं. तिला कार्ड हवं होतं ते वेगळ्याच कारणानं. कानानं तिला फार कमी ऐकू यायचं. जयसिंगनं दिलेली घंटा तिला ऐकूच येत नव्हती, आणि सगळ्यांकडं आहे ते आपल्याकडंही चालू पाहिजे, असा तिचा हट्ट होता. तिच्या भाच्याच्या टेम्पोचा जुना भोंगा पडून होता. जयसिंगा, ह्यो बसव, म्हणाली. जयसिंगनं म्हातारीचं मन मोडलं नाही. बॅटरीवर चालणारा तो भोंगा त्यानं कार्डाला जोडून दिला.

पुढच्या पाण्याला भर दुपारी तो भोंगा असा काही वाजला, की मोठ्या रस्त्यावरची रहदारी क्षणभर थबकली. त्याच रस्त्यानं पालिकेची एक जीप दुसऱ्याच कुठल्या तरी कामावर निघाली होती. आतल्या माणसांना वाटलं अपघात झाला. जीप गल्लीत वळली. कुशाबाई दारातच बसली होती. साहेबांनी विचारलं, आजी, काय झालं?

"कुटं काय? पानी आलंय," कुशाबाई हसून म्हणाली. "ह्यो भोंगा वाजला की आमाला कळतंय. आता बगा, समदे मोटरी लावत्यात."

मोटरी तिला सोडून सगळ्यांना ऐकू येत होत्या. जीपमधली माणसं खाली उतरली. मोटर बंद करायला कुणाला उसंतच मिळाली नाही. एका बैठकीत सगळ्या गल्लीच्या मोटरी जप्त झाल्या आणि गल्लीच्या तोंडाशी ओळीनं मांडल्या गेल्या. ओव्हाळांचीही त्यात होती. जयसिंगनं ती स्वतः सोडून आणून ठेवली. नोकरीभर ज्याच्या नावावर मेमो नव्हता, त्यानं मान वर केली नाही.

कुशाबाईनं साहेबांना पाण्याचा तांब्या दिला. ताजं होतं.

त्या दिवसानंतर गल्लीत जयसिंगशी कुणी धड बोलेना. दौलतराव फाटकातूनच म्हणाले, ओव्हाळ, तुमच्या कार्डानं घात केला. 'साहेब' गेलं, बरं झालं, असं कस्तुरा म्हणाली. आता पेढे खायला लागणार नाहीत. पण जयसिंगला ते लागलं होतं. त्यानं लॅपटॉप मिटून कपाटावर ठेवला आणि माळ्यावरचं सामान पुन्हा खाली काढायला घेतलं.

मग पाण्याचा दिवस उगवला. घंटा वाजल्या. लोक सवयीनं उठले, नळ उघडून उभे राहिले आणि जप्त झालेल्या मोटरींच्या नावानं बोटं मोडायला लागले. पाणी आलं. बारीक होतं, पण हवा गिळत नव्हतं, तुटत नव्हतं. हौद सावकाश चढत गेला. जयसिंग नळाशी उभा राहून धारेकडं बघत होता. इतक्यात अनिता चढावरून धावत खाली आली. हात ओले होते, पदरावर दोऱ्याचे तुकडे तसेच. तिला धाप लागली होती.

"काका, वर आलं," ती म्हणाली.

एवढंच. मग ती आल्या पावली माघारी पळाली, कारण बादली भरून वाहत असणार. वरच्या टोकाला मोटरीशिवाय नळाचं पाणी आजवर कधी गेलं नव्हतं, आणि आता ते कुणी वर चढवलं नव्हतं. मधेच ओढणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून गेलं होतं. जयसिंग नळाशी उभाच राहिला. कस्तुरानं आतून ओरडून सांगितलं, की हौद वाहतोय, तेव्हा भानावर आला.

आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. प्रभागाला पूर्ण दाबानं पाणी मिळवून दिल्याबद्दल भागातल्या एका नेत्याचे हार्दिक आभार, खाली दौलतरावांचा फोटो, पांढऱ्या कपड्यात, हात जोडलेले. जयसिंगनं तो येता-जाता वाचला. छपाई चांगली होती, असं त्यानं कस्तुराला सांगितलं.

पुढं दंड भरून लोकांनी मोटरी सोडवून आणल्या. आता प्रत्येकाच्या घरात मोटर होती आणि प्रत्येकाला खात्री होती, की शेजारी ती लावणार. एके दिवशी दौलतराव पुन्हा आत येऊन खुर्चीवर बसले. ओव्हाळसाहेब, म्हणाले, असं एखादं कार्ड होईल का, की गल्लीत कुणीही मोटर लावली तर लगेच कळेल? कोणत्या घरानं लावली, हेही कळलं तर उत्तमच.

जयसिंगनं कपाटावरचा लॅपटॉप खाली काढला. आव्हान होतंच तसं. मोटर लागली की नळातला दाब पडतो. तो पडलेला ओळखायचा. पण दाब तर आपसूकही पडायचा, खालच्या गल्लीनं चावी फिरवली तरी पडायचा. एक कार्ड झालं, दुसरं झालं. प्रत्येक कार्ड उगाच कुणावर तरी आळ घ्यायचं. चोर नसलेल्याला चोर ठरवणारं कार्ड लावायचं नाही, एवढं त्यानं पक्कं केलं होतं. ऊनपावसात पेटी टिकते का, हे बघायला त्यानं रिकामी पेटीच गल्लीच्या मध्यावर विजेच्या खांबाला बांधून ठेवली आणि तिच्यातून एक वायर खाली नळाच्या चेंबरपर्यंत सोडली. आत कार्ड नव्हतं. वायर चेंबरमध्ये कशालाच जोडलेली नव्हती.

त्यानंतरच्या पाण्याला गल्लीत एकही मोटर वाजली नाही. त्याच्या पुढच्या पाण्यालाही नाही. लोक पाणी भरताना खांबाकडं नजर टाकायचे आणि हळू आवाजात बोलायचे. जयसिंगनं कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

कस्तुरानं विचारलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खांब दिसायचा. "आत काय आहे त्यात?"

"अजून काही नाही," जयसिंग म्हणाला.

भाजी चिरताना तिचे खांदे हलत होते. जयसिंगला हसू आलं नाही. इतकी कार्डं त्यानं केली, रेघन् रेघ तपासून. ती सगळी लोकांनी एका लाल वायरीनं निकालात काढली. आणि या पेटीला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती.

तरी त्यानं काम सोडलं नाही. आणखी काही दिवसांनी त्याच्या मनासारखं कार्ड उतरलं, आळ न घेणारं. तो स्टूल घेऊन खांबापाशी गेला, वर चढला आणि पेटीच्या झाकणाला स्क्रू-ड्रायव्हर लावला.

दौलतराव गॅलरीतून बघत होते. "ओव्हाळसाहेब," त्यांनी वरून हटकलं, "चांगलं चाललेलं मशीन उघडू नये माणसानं."

समोरच्या ओट्यावरच्या दोघांनी माना डोलावल्या. जयसिंगनं खिशातलं नवं कार्ड चाचपलं. मग झाकणाचा स्क्रू पुन्हा घट्ट केला, पेटी फडक्यानं पुसली आणि स्टुलावरून खाली उतरला.